वणव्याचे गणित आणि गाळलेला माणूस

वणवा हा वनखात्याचा विषय, साहित्याच्या प्राध्यापकांनी त्यात पडू नये, असे आम्हांस अधूनमधून बजावले जाते. हा उपदेश आम्हांस मान्य नाही. कारण ज्या प्रतिमानांवर जंगलाचे भवितव्य ठरवण्याची भाषा आता होते, ते प्रतिमान हेही एक कथनच असते. आणि कथनात निवेदक कोण व वगळले कोणाला, हे विचारणे आमचेच काम आहे.

पद्धत थोडक्यात अशी : संगणकावर जंगलाचे चौकोन पाडायचे, प्रत्येकास झाडोरा, पाचोळा, उतार, वारा यांचे आकडे द्यायचे. मग जाळरेषा वाढवल्या तर, नियंत्रित जाळणी केली तर, काहीच केले नाही तर, शंभर वर्षांनी काय उरेल ते पाहायचे. पद्धत उत्तम आहे. वणवा एका उन्हाळ्याचा असतो, जंगल शतकांचे. आमचा वाद गणिताशी नाही, मांडणीशी आहे.

अशा मांडणीत माणूस बहुधा 'गावापासूनचे अंतर' एवढाच उरतो. म्हणजे निव्वळ ठिणगी. मेळघाटात मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून आग लावतात, आणि ती पसरते. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आग प्रथम पाहणारा आणि हिरव्या फांद्यांनी झोडपून ती विझवणारा कोरकूही त्याच गावचा असतो. गाव उठवले की ठिणग्या घटतील. मात्र चराई थांबलेल्या जागी गवत माजते, आणि विझवणारे हातही निघून जातात. ही वजाबाकी कोणत्या रकान्यात मांडणार? उपग्रहाचा एक ठिपका ३७५ मीटरचा, कधी किलोमीटरभराचा. त्यात मोहाखालची आग आणि तिची राखण करणारी बाई दिसणार कशी?

१९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलात आग लावणारा माणूस गुन्हेगार म्हणून पाहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरने सामूहिक वनहक्क मिळवून उजाड रान हिरवे करून दाखवले. तरीही संगणकात माणूस १९२७ चाच राहावा, याला शास्त्र म्हणावे की सवय?

आमची मागणी साधी आहे. शंभर वर्षांच्या पर्यायांत 'ग्रामसभेने राखलेले जंगल' हाही एक पर्याय चालवून पाहा. तो हरला तर आकड्यांनिशी हरू द्या. न खेळवताच त्याला बाद ठरवणे हे गणित नव्हे. तो आधीच लिहून ठेवलेला निकाल होय.