आधी रुंदी, मग लांबी

मोठ्या मापाची मॉडेल गाडी बनवणाऱ्या मंडळींत एक सवय बोकाळली आहे आणि ती मला अजिबात पटत नाही. रिमोटवाली तयार चॅसिस विकत घ्यायची, तिच्या चार चाकांवर बसेल अशी बॉडी बेतायची आणि कुणी म्हणालं "गाडी जरा फुगीर दिसते हो", की "चॅसिसच तशी आहे" म्हणून मोकळं व्हायचं. माझं म्हणणं उलट आहे. चॅसिस कापा, जोडा, वाट्टेल ते करा, ती झाकलीच जाणार आहे. बॉडीचं माप मात्र हलता कामा नये.

तयार चॅसिस घेण्यात कमीपणा आहे असं कुणी समजू नये. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांनी वर्षानुवर्षं टाटा-लेलँडच्या चॅसिसवरच आपल्या लाल गाड्या उभ्या केल्या. आमच्या खारेपाटणहून खाली गेलात तर गोव्यात, सत्तरीतल्या होंड्याला टाटाच्या चॅसिसवर बस बांधणारा मोठा कारखाना आहे. पण बस बांधणाऱ्याला एक मोकळीक असते, त्याची बस कशी दिसावी हे तोच ठरवतो. आपल्याला ती नाही. आपली गाडी कशी दिसते हे लोकांना आधीच पाठ असतं.

आता पद्मिनीचंच घ्या (मी सध्या तिच्याच मागे आहे). प्रीमियर पद्मिनीचा व्हीलबेस २३४० मिलिमीटर, रुंदी साधारण १४६०. एकास दहा मापात झाले २३४ आणि १४६. बाजारात तामियाच्या एम मालिकेच्या छोट्या चॅसिस मिळतात, त्यांचे व्हीलबेस २१०, २२५ आणि २३९. माणूस २३९ बघतो आणि खूश होतो. पाचच मिलिमीटरचा तर फरक! पण ही चॅसिस रुंदीला १६० च्या आसपास आहे, म्हणजे दोन्हीकडून सात-सात मिलिमीटर चाकं बाहेर. मग लोक बॉडी फुगवतात. गंमत म्हणजे खुद्द कंपनीनेही तेच केलंय. खरी जुनी मिनी १४१० मिलिमीटर रुंद, म्हणजे दहाव्या मापात १४१ हवी. कंपनीची मिनी १६० च्या घरात जाते आणि खोक्यावर खुशाल एकास दहा छापलेलं असतं.

रुंदी कमी करणं हे फार किचकट काम आहे. सस्पेन्शनच्या दांड्या, चाकांना फिरवणारे शाफ्ट, स्टिअरिंगच्या काड्या, सगळं दोन्ही बाजूंनी सारखं आखडावं लागतं. लांबी वाढवणं त्यामानाने सोपं. म्हणून माझा हिशेब असा, की माप रुंदीवरून ठरवावं. एकास नऊ धरा. पद्मिनी १६२ रुंद होते, चॅसिस जवळजवळ जशीच्या तशी खाली बसते. व्हीलबेस लागतो २६०, म्हणजे २३९ मध्ये २१ मिलिमीटरची भर. ती मधोमध घालायची. पुढच्या चाकांवर चालणारी चॅसिस घेतली तर मोटर, गिअर सगळं पुढेच असतं आणि मधून जातात फक्त वायरी. खऱ्या पद्मिनीची ओढ मागच्या चाकांना होती, हे मला माहीत आहे. चालू द्या! गाडी उलटी करून बघणारा दहा हजारात एक.

जोड मात्र नुसत्या गोंदावर ठेवू नका, वळणावर पीळ बसतो. स्लायडिंग खिडक्यांच्या कामातून उरलेला ॲल्युमिनियमचा अँगल दोन्ही कडांना लावा, जोडाच्या अलीकडे-पलीकडे तीन-तीन सेंटिमीटर चढवून आणि आरपार स्क्रू मारून. मग काचेच्या तुकड्यावर ठेवा. चारही चाकं टेकली पाहिजेत. टायरही बदलावे लागतात. खरा टायर ५.२०-१४ चा, नवव्या मापात सुमारे ६८ मिलिमीटर, आणि चॅसिसबरोबरचा ६० चा टायर चाकाच्या कमानीत पोरका दिसतो. चाक मोठं झालं की मोटरवर ताण येतो, म्हणून जास्त टर्नची मंद मोटर बरी. पद्मिनीला कुठे शर्यत जिंकायचीय?

एवढा आटापिटा कशाला, असं एका मित्राने विचारलं. आमच्या वाडीत एक आबा आहेत. मुंबईत त्यांनी तीस वर्षं काळी-पिवळी चालवली. गणपतीला तीच गाडी घेऊन गावी यायचे, कशेडी घाटात बॉनेट उघडून पाणी ओतत. गाडी भंगारात गेली तेव्हा त्यांनी मीटरसुद्धा ठेवून घेतला नाही. माझी दहाव्या मापातली पुठ्ठ्याची चाचणी त्यांना दाखवली, त्यांनी एकदाच वळून पाहिलं. "अरे, चाकां भायर काढलंस तर ती फियाट खंयची रे?" फूटपट्टी न लावता त्यांना ते सात मिलिमीटर दिसले होते.

आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरलेली नाही. कुर्ल्याच्या कारखान्याचं उत्पादन तर त्याआधीच कधीच थांबलं होतं. आबांच्या नातवाने ती गाडी चालताना पाहिलेली नाही, पुढेही बहुधा पाहणार नाही. त्याच्या डोळ्यांत पद्मिनी म्हणून जी बसेल ती माझ्या टेबलावरची. ती फुगीर असली, तर त्याच्यापुरती पद्मिनी फुगीरच होती. चॅसिस कापायचा कंटाळा करताना निदान हे लक्षात असावं.

असो. सध्या चॅसिस जोडून झाली आहे, बॉडी प्लास्टिक शीटमध्ये उभी आहे, आणि आबा रोज संध्याकाळी येऊन स्टिअरिंगजवळची गिअरची दांडी कुठल्या कोनात हवी यावर वाद घालतात. रंग दिवाळीनंतर. इथल्या पावसाळी हवेत काळा लॅकर मारला की तासाभरात पांढुरका पडतो.