चाकाची खुर्ची आणि मंदिराचा उतार



२०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर हे भाग छिंदवाड्यातून वेगळे होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्याच वर्षी जामसावळी येथे हनुमान लोकाचे भूमिपूजन झाले. तेव्हापासून आमच्या मंदिरातही मंगळवारी व शनिवारी दूरवरून येणाऱ्या भाविकांची संख्या वाढलेली दिसते. त्यांत वृद्ध व अर्धांगवायूचे रुग्ण पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी दात्यांनी व्हीलचेअर दिल्या. त्यांच्या पाठीवर दात्यांची नावेही रंगविली. खुर्ची दारात ठेवली की कर्तव्य पार पडले, असाच आमचा समज होता.

तो समज गतवर्षी दूर झाला. दर्शन आटोपून परतणाऱ्या एका वयोवृद्ध माउलींना आमचा स्वयंसेवक उतारावरून खाली नेत होता. खुर्ची त्याच्या हातून सुटली नाही, परंतु तोंड उताराकडे असल्याने माउली आसनावरून पुढे घसरल्या व त्यांच्या मनगटाचे हाड मोडले. उपचारांसाठी त्यांना नागपूरला न्यावे लागले. तो तरुण अत्यंत सेवाभावी आहे. त्याला कोणी काही शिकविलेच नव्हते, हा दोष सर्वस्वी विश्वस्त मंडळाचा आहे.

हा विषय आता केवळ सेवेचा राहिलेला नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या केली, तीत धार्मिक कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीही येतात. जून २०१७ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले आणि जुन्या इमारती सुगम करण्यासाठी पाच वर्षांची मुदत मिळाली. ती २०२२ मध्येच संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात निकाल दिला की, सुगमतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, केंद्र शासनाने बंधनकारक निकष ठरवावेत. ‘आमचे मंदिर जुने आहे’ ही सबब यापुढे पुरेशी ठरेल, असे आम्हांस वाटत नाही.

उताराचा हिशेब सोपा आहे. एक फूट उंचीस किमान बारा फूट लांबी हवी. आमचे जोते दोन फूट उंच आहे, म्हणजे उतार चोवीस फूट हवा. प्रत्यक्षात तो नऊ फूट आहे, कारण पुढे प्रसादाचे दुकान आहे. अशा चढावर सशक्त माणसालाही खुर्ची आवरत नाही.

खुर्ची हाताळण्याची रीत प्रत्येक स्वयंसेवकाने व घरच्या मंडळींनीही आत्मसात करावी. बसण्या-उठण्यापूर्वी दोन्ही चाकांचे ब्रेक लावावेत आणि पाय ठेवण्याच्या पाट्या वर दुमडाव्यात. पाटीवर उभे राहून उठू गेल्यास खुर्ची पुढे उलटते. ब्रेकचा दांडा टायरवर दाबून बसतो, म्हणून हवा कमी असली की ब्रेक लागलेला दिसतो, पण चाक फिरते. आमच्या दोन खुर्च्यांची स्थिती नेमकी हीच निघाली! उतार चढताना खुर्ची सरळ न्यावी. तीव्र उतार उतरताना ती उलटी घ्यावी, म्हणजे बसलेल्याचे तोंड चढाकडे राहते व सेवक खालच्या बाजूस राहून, मागे पाहत, हळूहळू पावले टाकतो. पायऱ्यांवरून उचलण्याची वेळ आलीच, तर हाताच्या व पायाच्या पाट्या धरू नयेत. त्या निखळतात. पक्क्या सांगाड्यालाच धरावे.

लुगड्याचा पदर, धोतराचा सोगा, शाल, हे सारे चाकात जाते. निघण्यापूर्वी आवरून घ्यावे. नारळ-प्रसादाच्या पिशव्या मागच्या मुठींना अडकविण्याची सवय तर सर्वत्र आहे. बसलेली व्यक्ती हलकी असल्यास तेवढ्या भारानेही खुर्ची मागे कलंडते.

खुर्ची वापरणाऱ्या भाविकांनीही दीर्घ रांगेत दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन किंचित उचलावे, किंवा एका कुशीकडे कलावे. मणक्याच्या दुखापतीने संवेदना गेलेल्यांना त्वचा दबत असल्याचे कळत नाही व जखम होते. वैशाखातल्या उन्हात तापलेल्या लोखंडानेही पोळते. त्यांना न विचारता खुर्चीला हात लावू नये, आणि ‘आजींना काय हवे?’ हे सोबतच्या मुलाला न विचारता आजींनाच विचारावे.

चाके सभामंडपात आणू द्यावीत का, यावर काही वडीलधाऱ्यांचा आक्षेप आहे. चाक म्हणजे पादत्राण, असे ते म्हणतात. आम्ही त्यांचा आदर करतो, तथापि पादत्राण काढता येते, पाय काढून ठेवता येत नाहीत. ओल्या फडक्याने चाके पुसून आत यावे, असे आमचे मत आहे.

नवा उतार बांधावयाचा तर दुकान हलवावे लागेल व त्याचे भाडे बुडेल. यावर मंडळात मतभेद आहेत. सचिव या नात्याने आम्ही दुकान हलविण्याचा ठराव येत्या सभेत मांडत आहोत. निर्णय होईपर्यंत जुन्या उतारावरून कोणासही एकट्या स्वयंसेवकाने नेऊ नये, दोघे असावेत. टायरमधील हवा दर सोमवारी व शुक्रवारी तपासून कार्यालयातील वहीत नोंद करण्यात येईल.

— सचिव, विश्वस्त मंडळ