चंद्याच्या वहीतून घरं निवडू नका

मागच्या उन्हाळ्यात त्र्यंबकेश्वरमध्ये आम्ही काही तरुणांनी मुस्लिम घरांची पाहणी केली. चंद्याची वही घेतली, दोन दिवसांत 30 फॉर्म भरले, निष्कर्ष निघाला : आपलं बरं चाललंय. बरंच निघणार! वहीत नावं चंदा देऊ शकणाऱ्यांची. भाड्याच्या खोलीतली विधवा, बाहेरून मजुरीला आलेलं कुटुंब, यांच्या दाराची कडी आम्ही वाजवलीच नाही. तो गठ्ठा घेऊन शिष्यवृत्ती मागायला गेलो असतो, तर आमच्याच आकड्यांनी आम्हाला परत पाठवलं असतं.

आता काही मित्र म्हणतात, चौकात पेन फिरवू, टोक वळेल तिकडचं एक घर घेऊ आणि मग लागून असलेली सहा. लसीकरणाच्या पाहण्यांत जागतिक आरोग्य संघटनेची ही पद्धत वर्षानुवर्षं चालली : 30 वस्त्या, प्रत्येकी 7 मुलं. पुढे संघटनेनेच ती बाजूला ठेवली. आपल्याकडे तर वस्त्याच जातीधर्माने वसलेल्या. शेजाऱ्याचे हाल आपल्यासारखेच, म्हणजे सात फॉर्म भरून नवीन माहिती जेमतेम एक-दोन घरांची. शिवाय पेन फिरवणार कुठे? मंदिराजवळच्या चौकात. तिथल्या दुकानदाराला संधी जास्त, गावाच्या कडेला राहणाऱ्याला कमी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आधी वस्तीचा नकाशा काढतात, प्रत्येक घराची यादी करतात, मग ठरावीक अंतराने 22 घरं निवडतात. कुलूप दिसलं तर पुन्हा जायचं. शेजारचं घर चालत नाही. कंटाळवाणं काम आहे, कबूल. पण 2006 चा सच्चर अहवाल आपण आजही पुढे करतो, तो जनगणनेच्या आणि राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवर उभा आहे. ‘तुम्ही सोयीची घरं निवडलीत’ असं त्याला म्हणता येत नाही. आम्हाला कोणीही म्हणेल.

मे 2023 मध्ये धूपाच्या वादाने आपलं गाव देशभर गाजलं. कोणाच्या घरात नळ नाही, कोणाची मुलगी दहावीनंतर घरी बसली, हे मात्र कुठल्याच चॅनेलने विचारलं नाही. ते आपल्यालाच विचारावं लागेल.

आपला मोहल्ला लहान आहे, तिथे निवड कशाला? सगळी घरं घ्या. यादी करून चिठ्ठी टाकायची ती बाकीच्या गावात आणि आदिवासी पाड्यांवर. त्यांची घरं नसतील तर आपण मागे आहोत ते कोणाच्या मागे, हे कसं सांगणार?

रविवारी खडू आणि वही आणा. फॉर्म नंतर छापू.