अम्मी पाणी का पीत नाही?

सोलापूरहून पुण्याला एसटीने येताना माझी अम्मी पाण्याचा घोटही घेत नाही. वाटेतल्या स्टँडवरचे स्वच्छतागृह कसे असते, हे तिला ठाऊक आहे. लग्नाच्या हॉलमध्येही तेच. मला वाटायचे, कारण एवढेच.

अम्मी ६६ वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिला तीनदा युरिन इन्फेक्शन झाले. पहिल्या दोनदा मला कळलेही नाही. (तिच्या परवानगीने लिहितोय.) जळजळ व्हायची, कपड्यांना थेंब लागायचे. वजू तुटेल या धास्तीने तिने घरातही पाणी कमी केले होते. मुलाला कसे सांगणार? मेडिकलमधून गोळ्या आणायच्या, दोन दिवस घ्यायच्या, बरे वाटले की उरलेल्या पुढच्या वेळेसाठी ठेवायच्या.

तिसऱ्या वेळी थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर एका बाजूला कळा येऊ लागल्या. संसर्ग किडनीपर्यंत गेला होता. कल्चरच्या रिपोर्टमध्ये ई. कोलाय निघाला, आणि त्याच गोळीपुढे ‘रेझिस्टंट’ लिहिलेले. लॉग न पाहता सर्व्हर रिस्टार्ट करणाऱ्या ज्युनिअरवर मी ऑफिसात चिडतो. घरी वर्षभर तेच चालले होते.

डॉक्टरबाईंनी समजावले. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटते, योनीमार्गाचे अस्तर पातळ होते, तिथले उपकारक जिवाणू कमी होतात आणि आतड्यातल्या ई. कोलायला मोकळे रान मिळते. हा अस्वच्छतेचा दोष नव्हे. १९९३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अशा ९३ स्त्रियांचा अभ्यास छापून आला. योनीमार्गात इस्ट्रिऑल क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, इतरांना ५.९ वेळा. इतकी जुनी माहिती आमच्या घरी आत्ता पोचली! हे क्रीम प्रत्येकीला चालेलच असे नाही, पण सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा त्रास झाला, तर डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा. आणि उलटही लक्षात ठेवा: काहीच त्रास नसताना रिपोर्टमध्ये जंतू दिसले, तर या वयात बहुतेकदा अँटिबायोटिक लागत नाही.

राहिला वजूचा प्रश्न. थेंब थांबतच नसतील तर हनफी फिकहमध्ये माजूरची सवलत आहे; नमाजच्या प्रत्येक वेळेसाठी एक वजू पुरतो. आयुष्यभर नमाज पढणाऱ्या माझ्या अम्मीला हे कुणी सांगितले नव्हते.

घरी फोन केलात की ‘जेवलीस का’ विचारताच. पाणी किती प्यायलीस, लघवीला जळजळ होते का, हेही विचारा. माझ्या अम्मीने पहिल्यांदा फोनच ठेवून दिला होता. मग मी बहिणीला विचारायला लावले.