ब्रेक नसलेली गाडी

गेल्या आठवड्यात आमच्या ब्रह्माघाटावरच्या घरात वाद पेटला. पुतण्याला मोटारसायकल हवी आहे आणि जाऊबाईंचा नकार ठाम. गोदौलियाच्या गर्दीत रिक्षा, सांड आणि यात्रेकरू यांच्यातून पोरगं गाडी कशी काढणार, हा त्यांचा सवाल. त्यावर चिरंजीव मला म्हणाले, "काकू, तुम्हीच आईला सांगा ना! जर्मनीचा एगॉन म्युलर तर ब्रेक नसलेल्या गाडीवर जगज्जेता झाला." आईचा जीव भांड्यात पडायला हे वाक्य किती उपयोगी पडलं असेल, ते तुम्हीच ओळखा.

पण पोरगं खोटं बोलत नव्हतं. स्पीडवे नावाच्या या शर्यतीत गाडीला खरोखरच ब्रेक नसतो. पाचशे सीसीचं, मिथेनॉलवर चालणारं इंजिन, एकच गिअर आणि मातीचा लंबगोल मार्ग. चार जण, चार फेऱ्या, जेमतेम एक मिनिट. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, पोलादी तळ लावलेला डावा पाय जमिनीला टेकवायचा आणि डावीकडे वळताना हँडल मात्र उजवीकडे फिरवायचं. थांबायचं असेल तर वेग कमी करायचा, बस. लाँगट्रॅक हे त्याचं मोठं भावंड. तिथे फेरी किलोमीटरभराची असू शकते आणि वेग ताशी शंभरच्या बराच पुढे जातो.

म्युलर 1948 साली कील या बंदराच्या गावी जन्मला. लाँगट्रॅकचं जगज्जेतेपद त्याने 1974, 1975 आणि 1978 असं तीनदा मिळवलं. मोठ्या मार्गावरचा राजा! शिवाय गडी गाणीही म्हणायचा, त्याच्या तबकड्या निघाल्या होत्या. छोट्या मार्गाचं, म्हणजे स्पीडवेचं जगज्जेतेपद मात्र त्याला हुलकावणी देत राहिलं.

तुमच्या घरात कुणाकडे जुनी जावा किंवा येझदी होती का? आमच्या मामांकडे होती. म्हैसूरच्या कारखान्यातून येणाऱ्या त्या गाडीचं मूळ नाव चेकोस्लोव्हाकियाचं, आणि तिकडच्या जावाने स्पीडवेच्याही गाड्या बनवल्या. मामांना हे ठाऊक असतं तर त्यांनी आम्हाला आणखी ऐकवलं असतं!

असो. 4 सप्टेंबर 1983. अंतिम शर्यती जर्मनीतच, उत्तर समुद्राजवळच्या नॉर्डेन गावी. (हा पूर्व फ्रिसियाचा भाग चहासाठी प्रसिद्ध आहे, काशीकरांना तिथे करमेल.) म्युलर चौतीस वर्षांचा होता, पस्तिशी पावणेतीन महिन्यांवर आलेली. सोळा स्पर्धक, प्रत्येकाला पाच शर्यती, पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य. म्हणजे जास्तीत जास्त पंधरा. आणि घरच्या प्रेक्षकांसमोर म्युलरने पंधराच्या पंधरा घेतले. पाचपैकी एकदाही कुणी त्याच्या पुढे गेलं नाही. ऑस्ट्रेलियाचा बिली सँडर्स दुसरा आला. स्पीडवेचं हे वैयक्तिक जगज्जेतेपद त्याच्याआधी कुणा जर्मनाला मिळालं नव्हतं, नंतरही मिळालेलं नाही. 2014 मध्ये मार्टिन स्मोलिन्स्कीने न्यूझीलंडमध्ये एक ग्रांप्री जिंकली, तेवढंच.

हे सगळं मी जेवताना सांगितलं. पुतण्या खूश! मग मी पुढचंही सांगितलं. त्या मार्गावर समोरून कुणी येत नाही, सगळे एकाच दिशेने जातात. अंगात चामड्याचा जाड पोशाख, डोक्यावर हेल्मेट. आणि चालकाच्या मनगटाला एक दोरी असते, दुसरं टोक गाडीच्या इंजिनाशी. माणूस पडला की दोरी सुटते आणि इंजिन जागीच बंद. ब्रेक नसला तरी माणूस पडणार, हे धरूनच सगळं मांडलेलं असतं. गोदौलियाला असलं काय आहे, सांगा बरं?

पुतण्या गप्प झाला. जाऊबाईंनी मात्र पोळी तव्यावर टाकता टाकता विचारलं, "ती मनगटाची दोरी आपल्याकडे मिळते का हो?"