पत्ता पाहून दार लावू नये



गेल्या महिन्यात बारावी वाणिज्यच्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आफ्रिकेतही स्टार्टअप असतात का?" वर्ग हसला. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. घरी गेल्यावर मात्र लाज वाटली, म्हणून माहिती मिळवून वाचली.

ट्युनिशियात २०१४ साली करीम बेगीर आणि झोहरा स्लिम यांनी दोन लॅपटॉप व दोन हजार डॉलरवर 'इन्स्टाडीप' ही कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी काढली. पुढे तिचे मुख्यालय लंडनला आले आणि २०२३ मध्ये जर्मनीच्या 'बायोएनटेक'ने ती विकत घेतली. नायजेरियाची 'पेस्टॅक' २०२० मध्ये अमेरिकेच्या 'स्ट्राइप'ने घेतली. म्हणजे बुद्धीची वानवा नाही.

मग अडते कुठे? आफ्रिकेत ५४ देश. कायदे निराळे, चलनेही बहुतेक निराळी. सर्वांची मिळून एक बाजारपेठ व्हावी म्हणून झालेल्या करारानुसार व्यापार सुरू झाला तो २०२१ मध्ये. नायजेरियाचे चलन नायरा जून २०२३ मध्ये एकदम घसरले. मिळकत नायरात आणि सर्व्हरचे भाडे डॉलरमध्ये, अशांचे कंबरडेच मोडले. परदेशी भांडवलदाराला भरवसा वाटावा म्हणून कित्येक कंपन्या अमेरिकेतील डेलावेर राज्यात नोंदणी करतात. ग्राहकाला भेटायला निघावे, तर व्हिसा मिळेलच असे नाही.

चलन आणि कायद्याबाबत भांडवलदाराने सावध राहावे, यात गैर काही नाही. पण काम न पाहता नुसता पत्ता पाहून जे हसू येते, त्याला सावधपणा म्हणता येणार नाही. आम्ही हिंदी माध्यमातून पदवी घेतली. नोकरीच्या मुलाखतीत विषयाआधी माध्यम विचारले जाई, तेव्हा असेच हसू आम्ही सोसले आहे. तरीही त्या दिवशी वर्गात आम्ही हसलोच!

म्हणून विश्वस्त मंडळींना एक विनंती. यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात प्रकल्पावर नाव, तुकडी, माध्यम काही नसावे. फक्त क्रमांक असावा. परीक्षकांनी आधी काम पाहावे, नाव मागाहून विचारावे. आपल्या मुलांना उद्या परक्या दारात उभे राहायचे आहे, तशीच कोणासाठी तरी दारे उघडायचीही आहेत. दुसऱ्याचे दार उघडण्याची सवय शाळेतच लागली पाहिजे.

आणि त्या विद्यार्थिनीला आमचे उत्तर : हो बेटा, असतात. प्रश्न चांगला होता. चुकले आमचे हसणे.

— प्राचार्य