सणाचा पाहुणा की सणाचा यजमान?

डिसेंबर महिना लागला की ब्रिटनमधील असंख्य घरांत एक जाडजूड अंक येऊन पडतो. 'रेडिओ टाइम्स' या साप्ताहिकाचा हा नाताळ विशेषांक. दोन आठवड्यांत दूरचित्रवाणीवर काय काय दिसणार, याची ती जंत्री असते. घरातील मंडळी हाती पेन घेऊन आपापल्या आवडीच्या कार्यक्रमांवर खुणा करतात. मराठी घरात दिवाळी अंकाचे जे कौतुक, तसेच काहीसे त्या अंकाचे. फरक एवढाच की, दिवाळी अंक वाचण्यासाठी असतो आणि तो अंक पाहण्याची पूर्वतयारी म्हणून!

त्या देशातील नाताळचा दिवस आता दूरचित्रवाणीच्या घड्याळावर चालतो. आदल्या दिवशी केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या प्रार्थनामंदिरातील नऊ पाठांची आणि भक्तिगीतांची उपासना. १९२८ पासून, १९३० चा अपवाद वगळता, बीबीसी रेडिओने तिचे प्रक्षेपण कधी चुकविलेले नाही. नाताळच्या सकाळी चर्चमधील प्रार्थना पडद्यावर असते. दुपारी तीन वाजता राजाचा संदेश. पंचम जॉर्जने १९३२ साली रेडिओवरून पहिला संदेश दिला. त्याचा मजकूर मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने लिहिला होता. १९५७ पासून तो संदेश दूरचित्रवाणीवरही दिसू लागला. जेवणे आटोपून कुटुंबे त्या वेळी एकत्र बसतात. त्यानंतर विनोदी कार्यक्रम, मुलांचे चित्रपट आणि मालिकांचे विशेष भाग रात्रीपर्यंत चालतात.

या चित्राकडे पाहून दोन निष्कर्ष काढता येतात आणि दोन्ही खरे आहेत.

पहिला निष्कर्ष कौतुकाचा. आपला सण हा राष्ट्राचा सण आहे आणि तो दाखविणे हे आपले कर्तव्य आहे, याविषयी तेथील सार्वजनिक प्रक्षेपकाच्या मनात संकोच नाही. आधुनिकता आड येत नाही आणि पुरोगामित्वालाही बाधा पोहोचत नाही. बीबीसीचा 'सॉंग्ज ऑफ प्रेझ' हा कार्यक्रम १९६१ पासून चालू आहे. त्याचे मूळ सूत्र अगदी साधे. कॅमेरा गावोगावच्या चर्चमध्ये जातो आणि तेथील सामान्य माणसे सामुदायिक भक्तिगीते गातात. नट नाहीत, परीक्षक नाहीत, स्पर्धा नाही. गावाने गावे आणि देशाने ऐकावे!

दुसरा निष्कर्ष मात्र सावध करणारा आहे. १९८६ च्या नाताळच्या रात्री दाखविलेला 'ईस्टएंडर्स' या मालिकेचा भाग पुनर्प्रक्षेपण धरून सुमारे तीन कोटी प्रेक्षकांनी पाहिला. त्या भागात काय होते? नाताळच्याच दिवशी नवरा आपल्या बायकोच्या हाती घटस्फोटाची कागदपत्रे ठेवतो. कुटुंबाने एकत्र यावे यासाठी असलेल्या सणाला असंख्य लोक एका कुटुंबाची मोडतोड पाहत बसले होते. पुढे २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांचे प्रमाण ४६.२ टक्क्यांवर आले. ते निम्म्याखाली जाण्याची ही पहिलीच वेळ. याला दूरचित्रवाणीच कारणीभूत आहे, असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु पडदा सणाचे वेळापत्रक टिकवू शकतो, श्रद्धा टिकवू शकत नाही, एवढे यातून निश्चित दिसते.

आता बुलढाणा जिल्ह्याकडे वळावे. ब्रिटनमध्ये नाताळची लगबग चालू असते, साधारण त्याच सुमारास येथे मार्गशीर्ष असतो. गीता जयंती येते, दत्तजयंतीच्या निमित्ताने गुरुचरित्राची पारायणे बसतात. शेगावच्या श्री गजानन महाराजांचा हा जिल्हा. दासगणू महाराजांच्या एकवीस अध्यायांच्या 'गजानन विजय' ग्रंथाचे पारायण येथे घरोघरी होते. पुढे १२ जानेवारीला सिंदखेडराजा येथे जिजाऊंच्या जन्मस्थानी जनसागर लोटतो. देऊळगावराजाच्या बालाजीचा मंडपोत्सव, खामगावची कोजागरीला बसणारी मोठी देवी, गावोगावचे हरिनाम सप्ताह... या जिल्ह्याचा सण अजून पायांवर उभा आहे. तो सोफ्यावर बसलेला नाही.

दूरचित्रवाणीला मात्र हा जिल्हा वर्षातून एकदा आठवतो. अक्षय्यतृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भाकिते सांगितली जातात. पीकपाण्याबरोबरच राजाची गादी टिकेल का, हेही तेथे सांगितले जाते आणि वृत्तवाहिन्यांची धाव प्रामुख्याने त्यासाठीच असते. शेतकऱ्यांची शेकडो वर्षांची परंपरा दोन मिनिटांची राजकीय करमणूक होते. कॅमेरे परत जातात. त्याच घरातील मूल संध्याकाळी मालिका पाहते, तेव्हा त्यातील दिवाळी, गणपती आणि संक्रांत भरजरी साड्यांत व कारस्थानांत पार पडते. 'महाएपिसोड' म्हणजे सण, अशी त्याची समजूत होत जाते. सांताक्लॉजला ते चटकन ओळखते. भजनी मंडळातील मृदंग वाजविणारे आजोबा मात्र त्याला परके वाटू लागतात. यात सांताक्लॉजचा दोष नाही. त्याला त्याच्या माणसांनी सांभाळले, एवढेच.

हे येथे जमणारच नाही, असे कोणी म्हणू नये. २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. लोक स्नान करून, संचाला हार घालून, शेजाऱ्यापाजाऱ्यांसह बसत. पडदा तेव्हा देव्हाऱ्याचा सेवक होता. २०२० च्या टाळेबंदीत तीच मालिका पुन्हा लागली आणि आजोबा व नातू पुन्हा एका खोलीत बसले. समाजाची भूक कायम आहे. ताट कोण वाढतो, हाच प्रश्न आहे.

त्याचे उत्तर दोन बाजूंनी द्यावे लागेल. प्रसार भारतीच्या १९९० च्या कायद्याने विविध प्रदेशांच्या संस्कृतीला आणि भाषांना पुरेसे स्थान देणे हे सार्वजनिक प्रक्षेपकाचे कर्तव्य ठरविले आहे. मग 'सह्याद्री'चा कॅमेरा दर एकादशीला एका गावातील भजनी मंडळासमोर का उभा राहू नये? एकदा मेहकर, एकदा चिखली, एकदा मलकापूर. खर्च फारसा नाही, कलावंत तयार आहेत, भांडार अक्षय्य आहे. अशी मागणी नागरिकांनी, मंडळांनी आणि संस्थांनी लेखी स्वरूपात आणि सातत्याने केली पाहिजे. केवळ वाहिन्यांच्या नावाने बोटे मोडून संस्कृतिरक्षण होत नसते.

दुसरी बाजू घराची. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक निर्णय घेतला. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजतो आणि दीड तास गावातील दूरचित्रवाणी संच व मोबाईल बंद होतात. मुले अभ्यासाला बसतात, माणसे एकमेकांशी बोलतात. सरकारी आदेश नव्हता, दंडाची धाक नव्हती. गावाने ठरविले आणि केले. बुलढाण्यातील एखाद्या गावाने मार्गशीर्षात किंवा सप्ताहाच्या सात दिवसांत हे व्रत घेतले, तर त्या दीड तासात हरिपाठ सहज बसतो.

दूरचित्रवाणी सणाच्या घरी पाहुणी म्हणून आली, तर तिचे स्वागतच आहे. पाहुण्याला पाट द्यावा, पान वाढावे. यजमानपद मात्र घरच्यांनीच सांभाळायचे असते. ब्रिटनकडून स्वतःच्या सणाविषयीचा निःसंकोच अभिमान घ्यावा. बसल्या जागी सण पाहून संपविण्याची सवय तेवढी तेथेच राहू द्यावी.